चेहरा, भिंग आणि अंतर
(नभोवाणीवरील भाषण)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी एक भिंत अशी असते, की तिच्यावर घरातील दिवंगत माणसांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या असतात. इंदूरला रामबागेतील आमच्या घरीही तशी एक भिंत आहे. तिच्यावर माझ्या आजोबांची तसबीर आहे. डोक्याला रुमाल, बंद गळ्याचा कोट आणि नजर किंचित बाजूला, अशी ती एका जुन्या स्टुडिओत काढलेली आहे. आजोबांना मी पाहिलेले नाही. परंतु ज्यांनी पाहिले होते, ती माणसे तिच्याकडे बोट दाखवून ‘अगदी असेच होते’ असे म्हणत. तिच्या शेजारी माझ्या वडिलांची, म्हणजे नानांची, तसबीर आहे. तिच्याविषयी मात्र असे कोणी म्हणत नाही.

नाना गेले त्या दिवशी तसबिरीसाठी चित्र शोधताना एकच बऱ्यापैकी स्पष्ट चित्र हाती लागले. ते मीच त्यांच्या वाढदिवशी, खिशातील फोनने, हातभर अंतरावरून काढले होते. तेच मोठे करून चौकटीत बसविले. त्यात नानांचे नाक होते त्याहून फुगीर दिसते, कपाळ पुढे झुकलेले दिसते आणि कान तर मागे कोठे दडल्यासारखे झाले आहेत. माझ्या पुतणीने एकदा त्या तसबिरीकडे पाहून विचारले, “काका, आजोबा खरंच असे होते?” मला ‘होय’ म्हणवेना. मनाला अधिक लागणारी गोष्ट अशी, की माणसांची चित्रे काढण्यासाठीच घेतलेले एक उत्तम भिंग त्या वेळी माझ्या कपाटात होते. त्या भिंगाने मी अहिल्योत्सवाच्या पालखीतील माणसे टिपली होती, मित्रांच्या मुलामुलींची लग्ने टिपली होती. नाना घरचेच, त्यांचे काय, केव्हाही काढता येईल, असे मी समजत राहिलो.

आज मी त्या भिंगाविषयी बोलणार आहे. परंतु भिंगाहूनही अधिक, त्याने मला जी एक गोष्ट शिकविली तिच्याविषयी बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे चित्र काढणारा आणि चित्रातील माणूस यांच्यामधील अंतर.

प्रथम भिंगाची ओळख करून घेऊ. कॅमेऱ्याच्या भिंगावर मिलिमीटरमध्ये एक आकडा लिहिलेला असतो. ते त्याचे नाभीय अंतर होय. आकडा लहान असेल, तर भिंग एका दृष्टिक्षेपात पुष्कळ पसारा सामावून घेते. मोठा असेल, तर थोडाच भाग, पण मोठा करून दाखविते. काही भिंगांत हे अंतर कमीजास्त करता येते. त्यांना आपण ‘झूम’ म्हणतो. ज्यात ते कायमचे ठरलेले असते, त्याला छायाचित्रकार ‘प्राइम’ म्हणतात. माझे आवडते भिंग या दुसऱ्या जातीचे आहे. त्याचे नाभीय अंतर ८५ मिलिमीटर असून तो आकडा कोणत्याही कळीने बदलत नाही. चौकटीत माणूस मोठा हवा असेल तर आपण दोन पावले पुढे जावयाचे, लहान हवा असेल तर दोन पावले मागे यावयाचे, एवढाच उपाय असतो.

ही अडचण वाटेल; परंतु याच अडचणीत त्याचा गुण आहे. तो समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. ते अगदी सोपे आहे.

माणसाच्या नाकाचा शेंडा आणि त्याचे कान यांत साधारण १२ सेंटिमीटरचे अंतर असते. आता कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला असे समजा. म्हणजे कानांपासून तो ४२ सेंटिमीटरवर झाला. वस्तू जितकी जवळ तितकी ती चित्रात मोठी, हा नियम आहे. तेव्हा कानांच्या मानाने नाक ४० टक्क्यांनी मोठे उमटणार. कॅमेरा ६० सेंटिमीटरवर नेला की हा फरक २० टक्क्यांवर येतो. दोन मीटरवर, म्हणजे आपल्या जुन्या मापाने सुमारे साडेचार हातांवर, तो अवघा ६ टक्के उरतो. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासातही हेच गणित मांडले होते. बारा इंचांवरून काढलेल्या चित्रात नाकाची रुंदी, पाच फुटांवरून काढलेल्या चित्राच्या मानाने, सुमारे ३० टक्के अधिक दिसते, असा त्याचा निष्कर्ष होता. फोनवरील स्वतःचीच चित्रे पाहून पुष्कळ माणसे आपल्या नाकाविषयी खंत करीत शस्त्रवैद्याकडे जाऊ लागली, म्हणून हा हिशेब मांडावा लागला.

यात एक मुद्दा नीट लक्षात ठेवण्याजोगा आहे. चेहऱ्याची ही ओढाताण भिंग करीत नाही, अंतर करते. कोणतेही भिंग लावा; दोन मीटरवरून चेहऱ्याची प्रमाणे सारखीच येतील. मग भिंगाचे काम काय? त्या अंतरावरून चौकट भरून देणे, हे त्याचे काम. फोनचे नेहमीचे भिंग पुष्कळ पसारा घेणारे असते. त्यातून दोन मीटरवरचा माणूस लहानसा दिसतो. म्हणून आपण नकळत पुढे सरकतो आणि चेहरा बिघडवून बसतो. ८५ मिलिमीटरचे भिंग, ३५ मिलिमीटर फिल्मच्या २४ गुणिले ३६ मिलिमीटर चौकटीवर, दोन मीटरवरून उभ्या चित्रात सुमारे ८१ सेंटिमीटर उंचीचा भाग घेते. डोक्यापासून छातीच्या खालपर्यंतचा माणूस त्यात व्यवस्थित मावतो. त्यामुळे जवळ जाण्याचा मोहच होत नाही. भिंग आपल्याला योग्य जागी उभे करते, असे म्हणावयास हरकत नाही.

मग याहून दूर का जाऊ नये, असा प्रश्न कोणी विचारील. दहा मीटरवरून नाक आणि कान यांतील फरक एक टक्क्याच्या आसपास येतो खरा. पण मग चेहरा सपाट, पत्र्यावर काढल्यासारखा दिसू लागतो. शिवाय दहा मीटरवरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. आपण आपल्या माणसांचे चेहरे ओळखतो ते समोरासमोर बसून बोलताना, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या अंतरावरून. डोळ्यांना सवय असते ती त्या चेहऱ्याची. म्हणून साडेचार हातांवरून घेतलेले चित्र पाहून ‘अगदी असेच’ हे शब्द सहज तोंडी येतात.

माणसाच्या चेहऱ्यासाठी वेगळे भिंग असावे, ही कल्पना छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दाग्येरची पद्धती जाहीर झाली. तेव्हाची भिंगे देखाव्यांसाठी ठीक होती. परंतु त्यांतून प्रकाश इतका थोडा शिरे, की समोरच्या माणसाला कित्येक मिनिटे हालचाल न करता बसावे लागे. पुढे १८४० साली व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी केवळ गणिताच्या आधारे व्यक्तिचित्रांसाठी एक नवे भिंग योजिले. आकडेमोड इतकी प्रचंड होती, की तीसाठी तोफखान्यातील हिशेबात तरबेज माणसे त्यांच्या मदतीस देण्यात आली होती, असे सांगतात. व्हॉइग्टलेंडर यांच्या कारखान्यात ते भिंग तयार झाले. आधीच्या भिंगांपेक्षा त्यातून सुमारे वीसपट प्रकाश आत येई. मिनिटांचे काम सेकंदांवर आले आणि चेहऱ्यावरचा दगडीपणा कमी झाला. त्या भिंगात एक दोषही होता. चित्राचा मध्यभाग अतिशय रेखीव येई, पण कडा धूसर होत. माणसाच्या चित्रात हा दोषच गुण ठरला. कारण पाहणाऱ्याचे लक्ष आपोआप चेहऱ्यावर खिळून राही.

आपल्या इंदूरचा आणि हैदराबादचा या कलेशी जवळचा संबंध आहे. राजा दीनदयाळ हे नाव सर्वांना परिचित आहे. ते मूळचे इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील नोकर. कॅमेरा हाती घेतला तो १८७४ च्या सुमारास, येथेच, आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा त्यांना आश्रय मिळाला. पुढे सहाव्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. इंदूर, सिकंदराबाद व मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडद्यातील स्त्रियांसाठी एक स्वतंत्र स्टुडिओ उघडला आणि तेथील कारभार एका इंग्रज बाईंकडे सोपविला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. माणसाचे चित्र नीट यावे, तर कॅमेरा किती हातांवर आहे एवढेच पाहून भागत नाही. कॅमेऱ्यामागे कोण उभे आहे आणि त्याच्यापुढे बसणाऱ्याला मोकळे वाटते की नाही, हेही पाहावे लागते. अंतर केवळ फुटांत मोजता येत नाही, हे त्या कुशल माणसाने ओळखले होते.

माझ्या आवडत्या ८५ मिलिमीटरच्या भिंगाचाही एक छोटा इतिहास आहे. १९५० साली ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. जुन मिकी या तरुण जपानी छायाचित्रकाराने त्यांचे एक चित्र सहज काढले. ते काढले होते ८५ मिलिमीटरच्या जपानी भिंगाने. त्या काळी उत्तम भिंग म्हणजे जर्मन, अशी सर्वत्र समजूत होती. मिकीने काढलेली प्रत हाती पडताच डंकन चकित झाले, भिंग बनविणाऱ्या निप्पॉन कोगाकू कारखान्यात गेले, तेथे त्यांनी भिंगे पारखून घेतली आणि लवकरच सुरू झालेल्या कोरियन युद्धात तीच आपल्या कॅमेऱ्यांवर वापरली. डिसेंबर १९५० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या जपानी कॅमेऱ्याची व भिंगांची दखल घेतली. जपानच्या भिंगांचा जगभर बोलबाला होण्यास ज्या गोष्टी कारणीभूत झाल्या, त्यांत एका मित्राने दुसऱ्याचे सहज काढलेले हे चित्र गणले जाते.

एकाच भिंगाने काम भागेल का, ही शंकाही रास्त आहे. झूम भिंगाची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. मिरवणुकीत, लग्नमंडपात, मुलांच्या खेळात ते फार सोयीचे पडते. आणि झूम ८५ वर ठेवून दोन मीटरवर उभे राहिले, तर चेहऱ्याची प्रमाणेही तीच येतात. प्राइम भिंगाचे दोन फायदे मात्र त्यात सहसा मिळत नाहीत. पहिला प्रकाशाचा. माझ्या भिंगावर एफ १.८ असा आकडा आहे. नाभीय अंतराला या आकड्याने भागले, की भिंगाच्या सर्वांत मोठ्या छिद्राचा व्यास मिळतो. येथे तो सुमारे ४७ मिलिमीटर येतो. साध्या झूम भिंगाचे छिद्र याच टोकाला पुष्कळदा एफ ५.६ असते. दोहोंच्या प्रकाशात जवळजवळ दसपट तफावत पडते. त्यामुळे घरातील खिडकीच्या उजेडात, डोळ्यांवर झगझगीत दिवा न पाडता, चित्र काढता येते. दुसरा फायदा सवयीचा. एकच भिंग वर्षानुवर्षे वापरले म्हणजे कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वीच कोठे उभे राहावयाचे ते पायांना कळते. आपले लक्ष यंत्रावरून उठते आणि समोरच्या माणसाकडे जाते. बडोद्यात आयुष्याची अखेरची वर्षे घालविलेल्या आणि २०१२ साली निवर्तलेल्या होमाई व्यारावाला, म्हणजे आपल्या देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, ज्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याने काम करीत, त्याचे भिंगही एकच आणि न बदलणारे होते. त्यावाचून त्यांचे काही अडले नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी चार शब्द. मोठे छिद्र मिळाले, की नवशिक्याला ते नेहमी पूर्ण उघडे ठेवण्याचा मोह होतो. पार्श्वभूमी विरघळल्यासारखी दिसते आणि चित्र एकदम ‘भारी’ वाटते. पण एफ १.८ वर, दोन मीटरवरून, रेखीव येणाऱ्या पट्ट्याची जाडी सहा सेंटिमीटरच्या आसपास असते. दीड मीटरवर ती तीन सेंटिमीटरांवर येते. म्हणजे डोळे रेखीव आले तर कान धूसर होतात, आणि मान थोडी वळली असेल तर एक डोळा स्पष्ट व दुसरा अस्पष्ट, असा प्रकार होतो. माझी सुरुवातीची कितीतरी चित्रे अशीच वाया गेली. छिद्र एफ ४ वर आणले, की हा पट्टा बारा-तेरा सेंटिमीटरचा होतो आणि नाकापासून कानापर्यंतचा सारा चेहरा त्यात मावतो. पार्श्वभूमी धूसर हवी असेल, तर छिद्र आणखी उघडण्यापेक्षा माणसाला भिंतीपासून चार-पाच हात पुढे बसवावे. फोकस नेहमी कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर साधावा. डोळा रेखीव असला, की बाकीचे थोडे अस्पष्ट असलेले मन सहज मान्य करते.

उजेडासाठी उत्तरेकडील खिडकी सर्वांत चांगली. कारण तिच्यातून ऊन सरळ आत येत नाही. माणसाला खिडकीच्या एका अंगाला, तिच्याकडे थोडेसे वळवून बसवावे. चेहऱ्याची दुसरी बाजू फारच काळी पडत असेल, तर तिकडे पांढरे धोतर किंवा चादर दोरीवर टाकावी. तेवढ्यानेही काम होते. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरावा. कॅमेरा लहान संवेदकाचा असेल, तर त्यावर ८५ मिलिमीटरचे भिंग फार दूरचे ठरते. तेथे ५० ते ५६ मिलिमीटरचे भिंग हेच काम करते.

ज्यांच्याजवळ कॅमेरा नाही, त्यांनीही निराश होऊ नये. अंतराचा नियम फोनलाही लागू आहे. फोन घेऊन साडेचार हातांवर उभे राहा. फोनला दूरचे दाखविणारे दुसरे भिंग असेल तर ते वापरा. नसेल तर तेथूनच चित्र घ्या आणि नंतर कडेचा भाग कापून टाका. बारकावे थोडे कमी होतील. पण चेहरा खरा येईल. नानांच्या वाढदिवशी मला एवढे ठाऊक असते तरी पुरे होते.

दूर उभे राहता येणारे भिंग हाती असले, की दुसराही एक मोह होतो. समोरच्याला न विचारता त्याचा चेहरा उचलावा, असे वाटते. डिसेंबर १९८४ मध्ये स्टीव्ह मॅकरी यांनी पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत १०५ मिलिमीटरच्या प्राइम भिंगाने एका अफगाण मुलीचे चित्र घेतले. १९८५ च्या जूनमध्ये ते ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आले आणि त्या हिरव्या डोळ्यांना सारे जग ओळखू लागले. ती मुलगी, शरबत गुला, २००२ साली पुन्हा सापडली. आपले ते चित्र तिने तोवर पाहिलेही नव्हते. भिंग निर्दोष होते, अंतर निर्दोष होते; तरीही सतरा वर्षे तो चेहरा जगाजवळ होता आणि तिच्याजवळ नव्हता. चित्र काढले, की ते ज्याचे आहे त्याला आधी दाखवावे, हा साधा शिष्टाचार मी या गोष्टीवरून शिकलो.

शेवटी पुन्हा घरी येतो. नाना गेल्यानंतर काही महिन्यांनी मी कपाटातून भिंग काढले आणि आईला खिडकीजवळ बसविले. “मला कशाला रे आता?” असे ती म्हणाली. मी म्हटले, “मेथी निवडायची आहे ना? ती इथे बसून निवड.” मी साडेचार हात मोजून मागे सरलो. तिने मान वर करून विचारले, “अरे, परक्यासारखा इतका लांब का उभा राहतोस? जवळ ये की.” मी म्हणालो, “जवळून तू बिघडतेस.” ती हसली. ते हसू मी टिपले नाही. हसण्याचे चित्र काढायचे म्हणून माणसे हसतात, तसे ते दिसले असते. नंतर ती मेथीत गुंतली, शेजारच्या काकूंच्या सुनेविषयी काही सांगू लागली आणि सांगता सांगता एकदा वर पाहून थांबली. ते चित्र मी घेतले आणि लगेच तिला दाखविले. तिने ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाली, “माझी आई अशीच दिसायची.”

तिच्या आईचे एकही चित्र आमच्या घरात नाही.

नानांची तसबीर मी भिंतीवरून काढलेली नाही. ती सदोष आहे. पण तीच आमच्याजवळ आहे. श्रोत्यांना माझी विनंती एवढीच, की आपल्या घरातील वडीलधाऱ्यांपैकी एकाला येत्या रविवारी खिडकीजवळ बसवा, साडेचार हात मागे सरा, त्यांना बोलते करा आणि मग चित्र घ्या. भिंग कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा.